वर्ज्यांची यादी आणि रुग्णाचा प्रश्न : मूत्रपिंडविकारावरील पथ्यपत्रकाची समीक्षा

मराठी वाचकाच्या हाती आयुष्यात केव्हा ना केव्हा पडणाऱ्या, परंतु समीक्षेच्या कक्षेत सहसा न येणाऱ्या लेखनप्रकारांत रुग्णालयातून मिळणाऱ्या पथ्यपत्रकाचा समावेश करावा लागेल. लग्नपत्रिका, जाहिरात, पाकपुस्तक यांच्याकडे अभ्यासकांचे थोडेबहुत लक्ष गेले आहे. पथ्यपत्रक मात्र वैद्यकाचा विषय म्हणून बाजूलाच राहिले. वास्तविक पाहता ते एक संहिता आहे. तिला लेखक आहे, गृहीत धरलेला वाचक आहे, विशिष्ट शब्दकळा आहे आणि त्या शब्दकळेचे वाचकाच्या जगण्यावर होणारे परिणाम आहेत. दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचा रुग्ण हे एक पान वर्षानुवर्षे वाचतो. स्वयंपाकघराच्या भिंतीवर, फडताळाच्या दाराच्या आतल्या बाजूस किंवा तपासण्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ते पान असते. एखाद्या कादंबरीला असा वाचक मिळणे कठीण.

प्रस्तुत लेखात या पत्रकाच्या भाषेचा आणि रचनेचा विचार करावयाचा आहे. पत्रकातील वैद्यकीय ज्ञान चूक की बरोबर हा या लेखाचा मुख्य प्रश्न नाही. मात्र भाषा आणि आशय येथे पूर्णपणे वेगळे करता येत नाहीत, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल. खाजगी, धर्मादाय व शासकीय रुग्णालयांतील जी पत्रके प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आली, त्यांची घडण इतकी सारखी आहे की त्यांचा एक प्रकार म्हणून विचार करणे वावगे ठरू नये.

पथ्य या शब्दाचा वारसा

'पथ्य' हा शब्द 'पथ' या शब्दापासून आला. जे मार्गाला धरून आहे, मार्गाला हितकर आहे ते पथ्य. जुन्नरच्या परिसरातील म्हणून परंपरेने ओळखल्या जाणाऱ्या लोलिंबराजाने आपल्या 'वैद्यजीवन' या संस्कृत ग्रंथात असा विचार मांडला आहे की, जो पथ्याने राहतो त्याला औषधाची गरज नाही आणि जो पथ्याने राहत नाही त्याला औषधाचा उपयोग नाही. हा विचार मराठी घरांतून आजही म्हणीसारखा वावरतो. तो कोणाचा हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसते. समीक्षेच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की, लोलिंबराजाचा ग्रंथ प्रियपत्नीला उद्देशून आहे. वैद्यकाचा उपदेश तेथे संबोधनातून येतो. कोणीतरी कोणालातरी काही सांगत आहे, आणि ऐकणारी व्यक्ती लेखनात उपस्थित आहे.

आधुनिक पथ्यपत्रकाने या परंपरेतून शब्द उचलला, संबोधन मात्र टाकून दिले. त्या जागी एक दुसरा शब्द आला : 'वर्ज्य'. हा शब्द व्रतवैकल्यांच्या, सोवळ्याओवळ्याच्या आणि पंचांगाच्या परिभाषेतला आहे. चातुर्मासात कांदा वर्ज्य, अमुक रागात पंचम वर्ज्य. वर्ज्य वस्तूबाबत 'किती' हा प्रश्न संभवत नाही. ती आहे किंवा नाही एवढेच. मूत्रपिंडविकाराच्या आहारशास्त्रात मात्र जवळजवळ प्रत्येक प्रश्न 'किती' हाच आहे. दिवसाला किती मीठ, शरीराच्या वजनाच्या हिशेबाने किती प्रथिने, या महिन्यात रक्तातील पोटॅशियम किती. प्रमाणाच्या शास्त्राला विटाळाची भाषा दिली गेली, हा या लेखनप्रकाराचा मूळ दोष होय. या भाषेमुळे रुग्णासमोर दोनच वाटा उरतात : आज्ञापालन किंवा आज्ञाभंग. केळ्याचा एक घास खाणारा रुग्ण स्वतःला पापी समजतो, आणि एकदा पाप घडलेच आहे म्हटल्यावर पुढची दोन केळीही खातो. उपवास मोडल्यावर माणसे जशी वागतात तसेच हे आहे.

कर्त्याविना क्रियापद

पत्रकाचे व्याकरण पाहू. 'मीठ कमी घ्यावे', 'पाणी मोजून प्यावे', 'डाळी मर्यादित घ्याव्यात', 'शहाळे टाळावे'. सर्वत्र विध्यर्थ, आणि कर्ता कोठेही नाही. कोणी घ्यावे, कोणी मोजावे, हे सांगितलेले नाही. मराठीत हाच विध्यर्थ पाककृतीच्या लेखनातही येतो. 'कणीक भिजवावी', 'फोडणी करावी'. तेथेही कर्ता नसतो; परंतु पाककृतीतील क्रियापदाच्या मागेपुढे माप असते. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० पासून मराठी घरांत जो विश्वास मिळवला, त्याचे एक कारण वाटी आणि चमचा ही मापे होत. नवख्या सुनेलाही ज्या वस्तू हाताशी सापडतात त्यांच्याच मापाने तो ग्रंथ बोलतो. तेथील 'घालावे' हे क्रियापद वाचकाला समर्थ करते, कारण किती घालावे हे त्याच्या शेजारीच लिहिलेले असते.

पथ्यपत्रकात हे माप गळालेले असते. 'मर्यादित' हा त्याचा आवडता शब्द. मर्यादा कोणती, हे मात्र वाचकाने ओळखावयाचे. वास्तविक बऱ्याच मर्यादा सांगता येतात. मूत्रपिंडविकारावरील २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार दिवसाचे सोडियम २ ग्रॅमपेक्षा कमी असावे. म्हणजे मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी, सुमारे एक सपाट चहाचा चमचा. एवढे मीठ सकाळी एका वाटीत काढून ठेवावे आणि रुग्णाचा दिवसभराचा स्वयंपाक त्यातच भागवावा, असे एक वाक्य पत्रकात घातले तर 'मीठ कमी घ्यावे' या वाक्यापेक्षा ते शतपटीने उपयोगी ठरेल. अनेक घरांत भाकरीच्या पिठात मीठ घालत नाहीत, ही या हिशेबात मोठीच जमेची बाजू आहे. तिचा उल्लेख मात्र कोठेही दिसला नाही. उलट 'ब्रोकोली', 'झुकिनी', 'क्रॅनबेरी' ही नावे दिसतात. हे पान कोणत्या भाषेतून आणि कोणत्या बाजारपेठेतून आले, हे त्यावरून लक्षात यावे.

दिनांक नाही, टप्पा नाही

सर्वांत गंभीर उणीव वेगळीच आहे. पत्रकावर रुग्णाचे नाव असेलही, पण ते केव्हा दिले याचा दिनांक बहुधा नसतो, आणि आजाराच्या कोणत्या टप्प्यासाठी दिले याचा उल्लेख तर अपवादानेच आढळतो. छापील पान असल्याने ते कालातीत वाटते. मूत्रपिंडविकाराचा आहार मात्र टप्प्यागणिक बदलतो, आणि एका वळणावर तर तो उलटा होतो.

डायलिसिस सुरू होण्यापूर्वी प्रथिनांवर लगाम ठेवला जातो. वर उल्लेखिलेली मार्गदर्शिका मध्यम व पुढच्या टप्प्यांतील प्रौढांसाठी दर किलो वजनामागे दिवसाला ०.८ ग्रॅम प्रथिने सुचवते. काही रुग्णांना वैद्यकीय देखरेखीखाली याहून कमी दिली जातात. डायलिसिस सुरू झाल्यावर मात्र या उपचारातच प्रथिनांचे घटक शरीरातून निघून जातात. त्यामुळे अमेरिकेतील मूत्रपिंड-पोषणविषयक २०२० च्या मार्गदर्शिकेने अशा रुग्णांसाठी दर किलोमागे १.० ते १.२ ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. पन्नास किलो वजनाच्या माणसाच्या बाबतीत हा फरक दिवसाला ४० ग्रॅम आणि ५० ते ६० ग्रॅम असा होतो. हिशेब ताटात मांडावयाचा तर एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, आणि वाटीभर घट्ट वरणात साधारण तेवढीच. म्हणजे कालपर्यंत जी डाळ मोजून-मापून घ्यायची, तिच्याच जोडीला उद्यापासून अंड्याचा पांढरा बलक, पनीर, मासे यांची भर घालावी लागते.

ही उलथापालथ पत्रकाने रुग्णाला सांगितली पाहिजे. प्रत्यक्षात पहिले पान भिंतीवर तसेच राहते. आठवड्यातून दोनदा-तीनदा डायलिसिस घेणारा माणूस तीन वर्षांपूर्वीच्या पानाशी इमान राखून डाळ टाळतो, अंडे टाळतो. त्याचे स्नायू झिजतात, आणि घरातील लोक म्हणतात, इतके कडक पथ्य पाळूनही बिचारा खंगत चालला. येथे पथ्य मोडल्यामुळे नुकसान झालेले नाही. पथ्य पाळल्यामुळे झाले आहे. ज्या संहितेचे इमानाने केलेले वाचन वाचकाला अपाय करते, ती संहिता सदोष म्हटली पाहिजे. यात रुग्णाला दोष देता येणार नाही. वर्ज्याला मुदत नसते, हे त्याला त्या पानाच्या भाषेनेच शिकवले आहे.

पोटॅशियमच्या बाबतीतही असेच घडते. रक्तातील पोटॅशियम साधारणपणे ३.५ ते ५.० या मर्यादेत असावे. ते वाढून सहाच्या पुढे गेले की हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. म्हणून सावधगिरी अत्यावश्यक आहे, याविषयी दुमत नाही. परंतु मूत्रपिंडविकाराच्या प्रत्येक रुग्णाचे पोटॅशियम वाढलेले नसते. काहींचे, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना, कमीही होते. २०२० च्या मार्गदर्शिकेचा रोख हाच आहे की, पोटॅशियमचे आहारातील प्रमाण रक्ततपासणीतील आकड्यानुसार ठरवावे. पत्रक मात्र सर्वांनाच सर्व फळे नाकारते. पेर, सफरचंद, अननस यांसारख्या तुलनेने कमी पोटॅशियमच्या फळांना आणि केळे, पेरू, शहाळे यांना एकाच रांगेत बसवणारी पत्रकेही पाहण्यात आली आहेत.

स्वयंपाकघराला न विचारलेले

पत्रक तयार करणाऱ्याने मराठी स्वयंपाकघरात डोकावून पाहिले असते, तर त्याला बरेच साहाय्य मिळाले असते, आणि काही धोकेही दिसले असते.

पोटॅशियम पाण्यात विरघळते. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळली आणि ते पाणी टाकून दिले की ते बऱ्याच अंशी निघून जाते. बटाट्यांवरील २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे आढळले की, फोडी करून उकळल्यास पोटॅशियम सुमारे निम्म्याने घटते, किसून उकळल्यास त्याहूनही अधिक. केवळ पाण्यात भिजत ठेवल्याने मात्र विशेष फरक पडत नाही. पुष्कळ पत्रकांत 'भाज्या रात्रभर पाण्यात भिजवाव्यात' एवढेच असते, उकळण्याचा उल्लेख नसतो. आता ही क्रिया मराठी गृहिणीला नवी आहे काय? पुरणपोळीसाठी हरभऱ्याची डाळ भरपूर पाण्यात शिजवून वरचे पाणी काढून घेतात. त्या पाण्याला 'कट' म्हणतात, आणि त्याची आमटी होते. मूत्रपिंडविकाराच्या दृष्टीने पाहता डाळीतील पोटॅशियमचा बराच वाटा कटात उतरतो. म्हणजे सणाच्या ताटात पुरणाकडे संशयाने पाहणारा रुग्ण पाचक, पातळ आणि म्हणून निरुपद्रवी वाटणारी कटाची आमटी वाटी-वाटीने पितो, हे उफराटे आहे. (मधुमेहाचा जोड असेल तर पुरणातील गुळाचा प्रश्न अर्थातच वेगळा.) 'भाजीचा कट काढून टाकावा' असे चार शब्द लिहिले असते, तर वाचणाऱ्या बाईच्या हातांना ते तत्काळ कळले असते. त्याऐवजी पत्रकात 'लीचिंग प्रक्रिया करावी' असे वाक्य असते.

दुसरे उदाहरण उपवासाचे. एकादशी, चतुर्थी, सोमवार, शनिवार, श्रावण, नवरात्र. मराठी घरातील वयस्क रुग्णाच्या, त्यातही स्त्रीच्या, महिन्यातील कित्येक दिवस उपवासाचे असतात. उपवासाचे ताट म्हणजे बटाटा, रताळे, शेंगदाण्याचे कूट, केळे, खजूर, राजगिरा; वरून सैंधव. पोटॅशियमच्या दृष्टीने एवढे जोखमीचे ताट एरवीच्या दिवशी क्वचितच वाढले जाते. 'हलका आहार' या समजाखाली ते आजारी माणसाला आग्रहाने दिले जाते. पत्रकात उपवासाविषयी अक्षर नसते. सैंधव म्हणजे जवळजवळ सर्वस्वी सोडियम क्लोराइडच, हेही कोणी सांगत नाही. त्याहून घातक असा गैरसमज 'कमी सोडियमच्या' मिठाचा. अशा मिठात सोडियमच्या काही भागाऐवजी पोटॅशियम क्लोराइड असते. रक्तदाबासाठी ते उपकारक म्हणून मुलगा-सून मोठ्या काळजीने आणतात, आणि मूत्रपिंड निकामी होत आलेल्या माणसाच्या वरणात नेमके नको ते पडते. पत्रकाने जेथे ठामपणे 'नको' म्हणावयास हवे, अशी ही जागा आहे.

अशा ठाम नकाराच्या आणखी एकदोन जागा आहेत, आणि त्या स्थानिक आहेत. कोकणात व गोव्यात परसात होणारे करमळ, म्हणजे ताऱ्याच्या आकाराच्या फोडींचे आंबट फळ, मूत्रपिंडविकाराच्या रुग्णाला मेंदूवर परिणाम करणाऱ्या विषासारखे ठरू शकते. उचकी, गोंधळलेपण, झटके आणि क्वचित मृत्यू अशा घटनांची नोंद प्रामुख्याने ब्राझीलमधून झाली, आणि त्यामागील विषद्रव्य तेथील संशोधकांनी २०१३ मध्ये ओळखले. येथे 'किती' हा प्रश्नच नाही. वर्ज्य हा शब्द ज्या वस्तूला खरोखर शोभतो, ती नेमकी यादीत नसते. ती नसण्याचे कारण उघड आहे : यादी करणाराने परसाकडे पाहिलेले नाही. आजाऱ्याच्या भेटीला शहाळे नेण्याची रीतही अशीच दुर्लक्षित. एका भरल्या शहाळ्याच्या पाण्यात ५०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक पोटॅशियम असू शकते. पत्रक रुग्णाला 'शहाळे टाळावे' असे सांगते. शहाळे आणणाऱ्या मावशीला कसे नाकारावे, हे सांगत नाही. प्रत्यक्षात प्रश्न तो असतो.

फॉस्फरसचा विषय याहून थोडा अवघड आहे. डाळी, कडधान्ये, दूध यांत फॉस्फरस असतो म्हणून त्यांवर काट मारली जाते. परंतु वनस्पतीतील फॉस्फरस आतड्यांतून पूर्णपणे शोषला जात नाही. बाजारातील प्रक्रिया केलेल्या पदार्थांत मिसळलेले फॉस्फेट मात्र बहुतांशी शोषले जाते. काळी कोला पेये, प्रक्रिया केलेले चीज, टिकाऊ केलेले मांसाचे पदार्थ हे याचे वाहक. वेष्टनावर बारीक अक्षरांत ३३८, ३३९, ३४०, ३४१, ४५० ते ४५२ असे क्रमांक छापलेले असतात. ते फॉस्फेटचे होत. मटकीची उसळ बंद करणारे आणि वेष्टनावरील क्रमांकांविषयी मौन पाळणारे पत्रक गरिबाच्या ताटातील स्वस्त प्रथिने काढून घेते आणि दुकानातील पाकिटाला अभय देते. यात कोणाचा हेतू आहे असे नव्हे, परंतु परिणाम तोच होतो.

आपली बाजू आपण मांडणे

इंग्रजीत ज्याला 'सेल्फ-ॲडव्होकसी' म्हणतात, त्याला मराठीत रूढ प्रतिशब्द नाही. 'वकिली' म्हटले की भांडण आणि खोटेपणा यांचा वास येतो. 'स्वपक्षसमर्थन' म्हटले की निवडणूक आठवते. 'आपली बाजू आपण मांडणे' हे लांबलचक असले तरी अर्थाला जवळचे आहे. प्रतिशब्द नसणे ही भाषेची गरिबी म्हणून सोडून देता येणार नाही. बाह्यरुग्ण विभागात रुग्णाने बोलावयाचे असते ते तक्रार म्हणून. बाजू म्हणून नव्हे, अशी आपली रीत आहे.

टॅल्कट पार्सन्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये मांडलेली 'रुग्णाची भूमिका' ही संकल्पना येथे आठवते. आजारी माणसाला नित्याच्या जबाबदाऱ्यांतून सूट मिळते; मोबदल्यात त्याने बरे होण्याची इच्छा धरावी व तज्ज्ञांचे ऐकावे, असा तो करार. या मांडणीवरचा जुना आक्षेप असा की, तो करार तापाच्या रुग्णाला लागू पडतो. ज्याचा आजार आयुष्यभर सोबत राहणार आहे, त्याला नाही. मूत्रपिंडविकाराचा रुग्ण दिवसातून तीन वेळा जेवताना स्वतःच्या उपचाराचा निर्णय स्वतः घेत असतो. तज्ज्ञ महिन्यातून एकदा पाच मिनिटे भेटतो. एवढ्या निर्णयांचा धनी असलेल्या माणसाला केवळ श्रोता मानणारी संहिता वास्तवाशी विसंगत ठरते.

या आजारात रुग्णाने बोलण्याचा इतिहासही आहे. १९७१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या एका समितीसमोर शेप ग्लेझर या रुग्णाने साक्ष दिली, ती डायलिसिसच्या यंत्राला जोडलेल्या अवस्थेत. पुढील वर्षी तेथे मूत्रपिंड निकामी झालेल्यांच्या उपचारखर्चाचा कायदा झाला. त्या एका साक्षीमुळेच तो झाला, असे मानणे भाबडेपणाचे होईल. पण शरीराची साक्ष सार्वजनिक ठिकाणी कशी देता येते, याचे ते उदाहरण राहिले. महाराष्ट्रात यंत्राचा प्रश्न निराळ्या मार्गाने काही अंशी सुटत गेला. २०१२ मध्ये सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेतून, जिचे २०१७ मध्ये महात्मा फुले यांच्या नावे नामांतर झाले, आणि २०१६ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून हा उपचार जिल्ह्याच्या गावापर्यंत आला. यंत्र आले, त्याबरोबर पत्रकही आले. ज्यांच्या घरी तूरडाळ आधीच आठवड्यातून दोनदा शिजते, त्यांच्या हाती 'डाळी मर्यादित' असे सांगणारे पान पडू लागले.

पत्रक दिले जाते तो प्रसंगही संहितेचाच भाग मानावा लागतो. 'आजी, आता केळं बंद हं.' 'काका, पाणी मोजून प्यायचं.' नात्याचे संबोधन प्रेमळ आहे, आणि बहुतेक वेळा ते मनापासून केलेले असते. पण आजीने उलट विचारावे, 'डॉक्टरसाहेब, माझं पोटॅशियम किती आलं?', तर त्या संबोधनाचा जिव्हाळा टिकतो का, यावर त्या दवाखान्याची परीक्षा होते. डॉक्टरांची बाजूही नोंदवली पाहिजे. दाराबाहेर साठ-सत्तर रुग्ण खोळंबलेले असतात, आहारतज्ज्ञाचे पद एकतर नसते किंवा रिक्त असते, आणि शनिवार-रविवारच्या लांब खंडानंतर पोटॅशियम वाढून आलेला रुग्ण त्यांनी डोळ्यांदेखत गमावलेला असतो. दोन दिवसांच्या खंडानंतर मृत्यूचे प्रमाण वाढते, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासातही दिसून आले आहे. ज्याने ते पाहिले आहे त्याला 'केळं बंद' हे दोन शब्द पुरेसे वाटले, तर नवल नाही. त्या दोन शब्दांनी प्राणही वाचले असतील. आक्षेप आहे तो एवढाच की, तेच दोन शब्द सर्वांना, सर्व काळ, लेखी स्वरूपात दिले जातात.

प्रश्न विचारणे म्हणजे पथ्य नाकारणे, अशी गल्लत दोन्ही बाजूंनी होते. 'मला सगळे चालते, डॉक्टर उगाच घाबरवतात', असे म्हणून वेदनाशामक गोळ्या आणि अनाम भस्मे घेणारा रुग्ण आपली बाजू मांडत नसतो. तो बाजू सोडून गेलेला असतो. बाजू मांडणाऱ्याजवळ कागद लागतो. क्रिॲटिनीन, पोटॅशियम, फॉस्फरस, हिमोग्लोबिन आणि वजन यांचे आकडे दिनांकासह एका वहीत उतरवलेले असले की संभाषणाची पातळीच बदलते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारविषयक नियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यास त्याच्या उपचारांच्या नोंदी ७२ तासांच्या आत द्याव्या लागतात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेतही माहितीचा व नोंदींचा हक्क आहे. भिंतीवर ती सनद लावणाऱ्या रुग्णालयांनी पथ्यपत्रकाच्या माथ्यावर 'दिनांक', 'टप्पा', 'या महिन्यातील पोटॅशियम' आणि 'पुन्हा तपासून घेण्याची तारीख' अशा चार रिकाम्या रेघा छापल्या, तर सनदेचा आशय त्या पानावर उतरेल. खर्च शाईपुरताच.

एक प्रश्न मात्र रेघा छापून सुटणारा नाही. पुरुष रुग्ण असला की पत्रक त्याच्या हातून बायकोच्या किंवा सुनेच्या हाती जाते, आणि घरात दुसरी, अळणी आमटी शिजू लागते. कर्त्याविना असलेल्या त्या विध्यर्थाला घरात एक कर्ता सापडतो, आणि तो बहुधा स्त्री असतो. स्त्रीच रुग्ण असेल तेव्हा काय होते? ती घरादाराचा नेहमीच्या चवीचा स्वयंपाक करते, आणि स्वतःसाठी वेगळे शिजवणे तिला उधळपट्टी वाटते. ती त्याच आमटीत पाणी घालून घेते, म्हणजे मीठ तेवढेच राहते आणि द्रव वाढतो. किंवा भाजी न घेता भात आणि ताक यांवर भागवते. डायलिसिसच्या पुढच्या फेरीला वजन दोन-तीन किलोंनी वाढलेले दिसते, तेव्हा विचारणा होते, 'मावशी, पाणी जास्त प्यालात ना?' मावशी मान खाली घालते. त्या वेळी तिला विचारावयाचे प्रश्न दोन आहेत : घरात स्वयंपाक कोण करते, आणि तुमचे मीठ कोण वेगळे काढते? पाहण्यात आलेल्या एकाही पत्रकात ते नव्हते. आहारतज्ज्ञांच्या पाठ्यक्रमात मराठीच्या अभ्यासकांना काही स्थान असेल, तर ते पारिभाषिक शब्द सुचवण्यापेक्षा असे प्रश्न कोणत्या शब्दांत विचारावेत हे ठरवण्यासाठी असावे, आणि ते ठरवताना डायलिसिसच्या खुर्चीवर चार-चार तास बसणाऱ्या बायकांना त्या बैठकीला बोलवावे लागेल.